अंबूबाईने धरलेली जागा

चाकणच्या आठवड्याच्या बाजारात चिंचेच्या सावलीत बसणाऱ्या भाजीवाल्या पाच-सहाच होत्या. बाकीच्या सगळ्या उन्हात. सावलीतली जागा सहजी मिळत नसे. आधीची बसणारी थकली, किंवा तिच्या सुनेने भाजी विकायला नकार दिला, तरच ती रिकामी होई. मोशीच्या अंबूबाईला ती मिळाली तेव्हा तिचे केस काळेभोर होते.

नवरा वारल्यावर ती माहेरी परत आली, ती भावाच्या घरी नुसती बसून राहायला नव्हे. भाऊ मारुतराव इंद्रायणीकाठच्या मळ्यात वांगी, गवार, दोडकी काढी आणि ती विकण्याचे काम अंबूबाईने पहिल्याच वर्षी आपल्याकडे घेतले. चाकणला भावाच्या बैलगाडीतून आणि चिंचवडला डोक्यावर पाटी घेऊन पायी. चिंचवडात तिची घरे ठरलेली होती. कोणाला कोवळी गवार लागते, कोण वांगे दाबून बघते आणि कोण न बघता घेऊन मागून कुरकुरते, हे तिला पाठ होते. उंच, किंचित वाकलेली, बोलायला फटकळ बाई. पाटी उतरवताना “हुश्श” म्हणायची आणि उचलताना देवाचे नाव घ्यायची.

चिंचेखालच्या बायकांची एक रीत होती. बाजार उठला की प्रत्येकीने आपले बसायचे गोणपाट घडी करून जागेवरच ठेवायचे आणि त्यावर आपला दगड. फाटक्या गोणपाटाला कोण हात लावणार? ते आठवडाभर तसेच राही. अंबूबाईचा दगड काळा, एका बाजूने सपाट होता आणि त्यावर तिने चुन्याची एक रेघ ओढलेली होती. दगड आहे तोवर जागा तिची. ती एखाद्या बाजाराला आली नाही तर दुसरीने तिथे बसावे, पण गोणपाट न हलवता, कडेला. जागेची मालकीण आली की उठावे. आणि उठवणारीने उठणारीला दुसरी जागा दाखवावी, नुसते उठवून मोकळे होऊ नये. एका बाईचा दगड एकच. दुसऱ्या ठिकाणी दुसरा दगड ठेवणारीला बायका उभी करत नसत. ही रीत कोणी शिकवलेली नव्हती, कोणी मोडलेलीही नव्हती.

मारुतरावाची धाकटी मुलगी रंभा लहानपणापासून आत्याबरोबर बाजाराला जाई. त्याच गोणपाटाच्या एका कोपऱ्यात बसून तिने पाढे पाठ केले. गिऱ्हाईक नसले की अंबूबाई म्हणायची, “म्हन की गं मोठ्यानं. मलाबी करमंल.” अंबूबाईला अक्षर येत नव्हते, पण सतराचा पाढा चुकला की तिला चाल बिघडल्यासारखे वाटे आणि ती पोरीकडे बघे.

चोपन्न सालच्या उन्हाळ्यात रंभा सातवीची परीक्षा चांगल्या गुणांनी पास झाली. मोशीची शाळा सातवीलाच संपत होती. पुढे शिकायचे तर चिंचवडच्या हायस्कुलात आठवी, म्हणजे इंग्रजीची सुरुवात. गावातून एकही मुलगी अजून तिथे गेली नव्हती.

मारुतराव काही आडमुठा माणूस नव्हता. त्याने एवढेच सांगितले, “आक्का, पावसाळ्यात रोज एवढं अंतर चालत पोरगी मी धाडनार न्हाई. ओढा भरला म्हंजी ती तिकडं आन आमी हिकडं. चांगल्या घरात खोली मिळाली तर जाऊ दे. शाळा सुरू व्हईस्तवर न्हाई मिळाली, तर राहिलं. मग पुना त्यो इषय काढायचा न्हाई.”

“मिळंल की,” अंबूबाई म्हणाली. “निम्मं चिंचवड माझी वांगी खातं.”

रंभा चुलीजवळ भाकरी थापत होती. तिचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला.

पहिल्यांदा अंबूबाई शाळेत गेली. मुख्याध्यापकांनी तिला खुर्ची दिली. ती जमिनीवर बसली. त्यांनी समजावून सांगितले की आधी गावातली मुले घ्यायची, मग उरलेल्या जागांवर बाहेरगावची. त्याचा निर्णय शाळा सुरू झाल्यावरच होईल. “आणि बाई, बाहेरगावच्या मुलीला गावात राहण्याची पक्की सोय लागते. ती नसेल तर नाव घेता येत नाही. गेल्या वर्षी दोन मुलगे श्रावणात घरी गेले ते आलेच नाहीत.”

“म्हंजी आधी खोली?”

“आधी खोली.”

मग ती खोली शोधायला निघाली, आणि त्या वर्षी चिंचवडात खोली शोधणे म्हणजे काय हे तिला चार घरे फिरल्यावर कळले.

पिंपरीला औषधाचा मोठा कारखाना उभा राहत होता. गवंडी, फिटर, कारकून, कुठकुठून माणसे येत होती आणि त्यांना पाठ टेकायला जागा हवी होती. ज्यांच्या घरी जादा खोली होती त्यांनी ती दिली. ज्यांच्याकडे नव्हती त्यांनी पडवीला तट्ट्या लावून केली. चिंचवडातले सरपण त्या वर्षी अंगणात भिजले, कारण सरपणाच्या खोल्यांत माणसे राहायला आली होती.

“शाळेत नाव लागलंय का मुलीचं?” पहिल्या घरी विचारले.

“लागंल की. खोली मिळाली की लागंल.”

“मग लागल्यावर या.”

दुसऱ्या घरीही तेच. तिसऱ्या घरी एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, “अहो, कारखान्याचा माणूस नोकरी हातात घेऊन येतो. तुमच्या मुलीच्या हातात काय आहे?”

“माझी मुलगी आठवीत जानार हाय,” अंबूबाई म्हणाली. “तुमची सून कितवीला व्हती?” आणि उत्तराची वाट न पाहता पाटी उचलून चालती झाली. ते घर गिऱ्हाइकातून कायमचे गेले.

शेताच्या वाटेला राहणाऱ्या विमलबाईकडे ती गेली तेव्हा विमलबाईने तिला गोठा दाखवला. गोठा मोठा होता. मध्ये नवीन कुडाची भिंत घातली होती. एका बाजूला म्हैस, दुसऱ्या बाजूला सारवलेली स्वच्छ जागा, वर पत्रा.

“कुडापलीकडं म्हैस हाय,” अंबूबाई म्हणाली.

“हाय. पन गरीब हाय.”

“म्हैस गरीब असंल, विमलबाई, पन माझा भाऊ न्हाई. पोरीला म्हशीशेजारी ठिवली म्हनून मलाच दाव्याला बांधंल.”

“मग बापई मानसालाच देते. त्यास्नी चालतंय.”

शेवटी राहिल्या कुसुमताई. देवळाकडून नदीकडे जाणाऱ्या बोळात त्यांचे घर होते. यजमान रेल्वेत होते, ते गेल्यावर मुलगा नागपूरला नोकरीला आणि कुसुमताई एकट्या. घराच्या अंगाला बोळात उघडणारी एक लहान खोली होती. एक खिडकी, भिंतीत एक कोनाडा, शहाबादी फरशी. कुसुमताई अंबूबाईकडून कित्येक वर्षे भाजी घेत. भेंडी एकेक मोडून बघत आणि एकही मोडकी परत करत नसत. त्या नेमाच्या बाई होत्या.

“खोली आहे,” त्या म्हणाल्या. “चूल खोलीतच मांडायची. विहिरीवर माझं झाल्यावर. माझ्या स्वयंपाकघरात यायचं नाही, हे तुला सांगायला नको.”

“न्हाई सांगायला. तिला तिचं सैपाकघर व्हईल की.”

“आणि मी कोणासाठी थांबणार नाही हं, अंबू. कोणी पक्का आला तर देऊन टाकीन. तुझं पक्कं झालं की तू ये.”

एवढ्यात आत दूध उतू गेल्याचा वास आला आणि कुसुमताई धावल्या.

अंबूबाई खोलीत उभी राहिली. खिडकीतून समोरच्या परड्यातली कण्हेर दिसत होती. कोनाड्यात पुस्तके मावतील. रंभा उंचीला लहान होती, हात पुरेल. तिने फरशी पायाने घासून पाहिली. गार होती.

पुढच्या बाजाराला चाकणहून परतताना तिने चिंचेखालचे गोणपाट आणि दगड उचलून गाडीत ठेवले. शेजारी बसणारी शालनबाई बघतच राहिली.

“आक्का! जागा सोडली का काय?”

“दुसरीकडं धरायचीय.”

“दुसरा दगुड घ्यायचा मग.”

“शालन, तुज्या तोंडून ही गोष्ट?”

शालनबाईने जीभ चावली. तिचे म्हणणे चुकले होते हे तिलाही माहीत होते. “पर सावली गं,” ती थोड्या वेळाने पुटपुटली. अंबूबाईने ते ऐकले, पण गाडी चालू झाली होती.

त्यानंतर चिंचवडला गेली तेव्हा कुसुमताई देवळात गेल्या होत्या. खोलीला नुसती कडी होती. अंबूबाईने आत जाऊन खिडकीखाली गोणपाटाची घडी ठेवली, वर चुन्याची रेघ वर करून दगड ठेवला, दार ओढून घेतले आणि घरी आली.

“धरली जागा,” तिने मारुतरावाला सांगितले.

“दगड ठिवला?”

“ठिवला.”

“मग झालं,” मारुतराव म्हणाला आणि बैलांना पाणी दाखवायला गेला. मोशीत कोणालाच त्यात शंका घेण्यासारखे काही वाटले नाही. शाळेतही अंबूबाईने सोय झाल्याचे कळवले, कुसुमताईंच्या नावासकट. चिंचवडात कुसुमताईंनी ते गोणपाट पाहिले. भाजीवालीने ओझे नको म्हणून ठेवले असेल, नेईल पुढच्या खेपेला, असे म्हणून त्यांनी दार लावून घेतले.

मग पेरणी आली. मारुतरावाच्या पायात बाभळीचा काटा मोडून तो खाटेवर पडला आणि घरातली सगळी माणसे वावरात गेली. अंबूबाईला चिंचवडची वाट धरायला सवड झाली नाही. शाळा सुरू झाल्याचे तिने दुसऱ्याच्या तोंडून ऐकले. शाळेकडून निरोप मात्र आला नव्हता. रंभा काही बोलत नसे. फक्त सकाळी पाटी-पेन्सिल असलेली जुनी पिशवी खुंटीवरून काढी, झटके आणि परत तिथेच लावी.

सवड झाली त्या दिवशी अंबूबाई दोडकी घेऊन निघाली आणि आधी शाळेत गेली. मुख्याध्यापक म्हणाले, “बरं झालं आलात. दोन जागा उरल्यात. तुमच्या मुलीचे गुण चांगले आहेत. उद्या सकाळी आमचे आबाजी शिपाई खोली बघून येतील, मग दुपारी नाव फळ्यावर लिहू. सोय पक्की आहे ना?”

“धरलेली हाय,” अंबूबाई छाती पुढे काढून म्हणाली.

ती बोळात आली. खोलीच्या दाराला कुलूप होते. खिडकीच्या गजाला पुरुषाचा सदरा वाळत घातला होता.

तिने पाटी उतरवली, पण “हुश्श” म्हणायची विसरली.

“कुसुमताई! अवो ताई! ह्ये कुनाचं कापाड?”

कुसुमताई पदराला हात पुसत आल्या. “उद्धवरावांचं. परभणीकडचे आहेत, कारखान्यात फिटर. महिन्याच्या सुरुवातीलाच आले. माणूस सज्जन आहे.”

“आन माझी जागा?”

“तुझी कसली?”

“म्या धरली व्हती की! दगड ठिवला, गोणपाट ठिवलं!”

कुसुमताईंना आधी हसू आले, पण अंबूबाईचा चेहरा पाहून ते थांबले. “अगं, ते मला वाटलं तू ओझं नको म्हणून ठेवलंस. कोणी दगड ठेवला म्हणजे खोली त्याची होते का? उद्या नदीतले सगळे दगड आणून ठेवशील.”

“आमच्यात व्हती.”

“तुमच्यात म्हणजे बाजारात. हे घर आहे, अंबू. मी तुला शब्द दिला नव्हता. उलट सांगितलं होतं, थांबणार नाही म्हणून. सांगितलं होतं की नाही?”

“सांगितलं व्हतं,” अंबूबाई म्हणाली. खोटे बोलणे तिला जमत नसे. “पन त्येच्यासाठीच तर धरली.”

कुसुमताईंनी दोडकी घेतली, नेहमीपेक्षा जास्त, एकही न मोडता. अंबूबाईने ती मोजून दिली आणि पायरीवर बसली.

“आता घरी जा. उन्हं कलली.”

“त्यो फिटर कवा येतो?”

“दिवसपाळी सुटली की. कशाला? भांडू नकोस हं त्याच्याशी. त्याचा काय दोष?”

“न्हाई भांडत. माझा दगड घेऊन जाते.”

ती बसून राहिली. उरलेली भाजी विकायला ती उठली नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या पाटीतली दोडकी मऊ पडली. घरी जाऊन काय सांगायचे ते ती मनात जुळवत होती. मारुती ओरडणार नाही, हे तिला माहीत होते. तो फक्त “राहिलं मग” म्हणेल. आणि तो विषय पुन्हा निघणार नाही, कारण तसे ठरले होते.

पाळी सुटल्यावर एक सावळा, काटकुळा माणूस सायकल ढकलत बोळात आला. हाताला काळे तेल लागले होते. पायरीवरची बाई आणि तिची पाटी पाहून तो थबकला.

“मावशे, त्ये गोणपाट तुमचं हाय का?”

“माझंच.”

“म्या म्हनलंच, येतील कवातरी.” त्याने घाईघाईने कुलूप उघडले. “या, बघून घ्या. म्या हलवलं नाही.”

अंबूबाई उंबऱ्यातून आत डोकावली. दाराजवळच्या भिंतीला त्याची वळकटी आणि पत्र्याची ट्रंक होती. स्टो दाराच्या मागे. अर्धीअधिक खोली मोकळी. खिडकीखाली तिने ठेवली होती तशीच गोणपाटाची घडी, वर दगड, चुन्याची रेघ वर. भोवतालची फरशी झाडलेली दिसत होती.

“ह्या ताई म्हनल्या, टाका बाहीर. म्या नाही म्हनलं,” उद्धवराव सांगू लागला. “मही माय मानवतच्या बाजारात भाजी इकायची. दगुड ठिवलेल्या जाग्याला हात लावला तर हातावर मारायची. मला वाटलं, कारखान्यातलाच दुसरा कुनी हाय, त्यानं आधी कोपरा धरलाय. रोज वाट बघायलोव. आला की इचारीन म्हनलं, भावा, सैपाक संगंच करू का.”

“त्यांनी मला रोज विचारलंय,” कुसुमताई मागून म्हणाल्या. “‘दुसरा माणूस कधी येतोय?’ मी म्हटलं, अहो दुसरा कोणी नाही, भाजीवाली आहे. तर म्हणे, मग भाजीवाली कधी येते.”

अंबूबाईने पदर तोंडाशी नेला. तिला हसू येत होते की रडू, ते कुसुमताईंना कळले नाही. मग तिने रंभाचे, शाळेचे आणि उद्या सकाळी येणाऱ्या आबाजी शिपायाचे सगळे सांगितले. सांगताना आवाज चढवला नाही.

उद्धवराव दाराशी उकिडवा बसून ऐकत होता. ऐकून झाल्यावर त्याने तेलकट हाताकडे पाहिले. “म्हंजी मी कडंला बसलोय. मालकीन आल्यावर उठावं लागतंय.” तो हसला. “पर मावशे, जायचं कुठं? कारखान्यातले चौघं एका खोलीत हायेत, तिथं पाचव्याला कूस बदलायची तर चौघांना उठवावं लागतंय.”

“उठवनाऱ्यानं जागा दावायची असती,” अंबूबाई म्हणाली. “तुमच्याकडं न्हाई का ही रीत?”

“हाय की.”

“मग चला. म्हशीचं तुमाला वावडं न्हाई ना?”

“मावशे,” उद्धवराव उठत म्हणाला, “माझं निम्मं आयुष्य म्हशीमागंच गेलंय.”

कुसुमताई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. “थांबा! माझा भाडेकरू तुम्ही दोघं परस्पर उठवताय? ही घरमालकीण इथं उभी आहे!”

दोघेही थांबले. त्यांच्या लक्षातच आले नव्हते.

“आणि अंबू, तुझ्या पोरीला शाळा नाही मिळाली तर? हे गेले, ती आली नाही. मग मी तुझ्या दगडाकडून भाडं घेऊ?”

अंबूबाईने पदर खोचला. “तर मी येऊन ऱ्हाईन,” ती म्हणाली.

“तू?”

“व्हय, मी. हितंच ऱ्हाऊन भाजी इकीन. खोली धरली म्हंजी धरली. रिकामी न्हाई ठिवनार तुमची.”

कुसुमताईंनी तिच्याकडे पाहिले. बाई बोलली तसे करील, याबद्दल त्यांना शंका नव्हती. एवढ्या वर्षांत तिने ज्या दिवशी येईन म्हटले त्या दिवशी ती आली होती, पेरणीचे दिवस सोडले तर. शिवाय पुढल्या महिन्यापासून उद्धवरावांना रात्रपाळी लागणार होती, आणि अवेळी वाजणाऱ्या कडीचा कुसुमताईंनी आधीच धसका घेतला होता. पण हे त्या बोलल्या नाहीत. “विहिरीवर माझं झाल्यावर,” एवढेच म्हणाल्या.

“व्हय.”

“आणि उद्या आबाजींशी मी बोलेन. तू मध्ये तोंड घालायचं नाहीस.”

विमलबाईकडे गोठ्याची दुसरी बाजू अजून रिकामीच होती. एक गवंडी येऊन बघून गेला होता, पण त्याला म्हशीचा वास सोसला नाही.

“पोरीला जागा मागाय आलीस तवा नाकं मुरडलीस,” विमलबाई म्हणाली, “आन आता ह्यो उंचच्या उंच बापई घेऊन आलीस? ह्यो बी आठवीतच जानार का?”

“ह्यो कारखान्यात जातो. तू म्हनली व्हतीस, बापयाला देते.”

उद्धवराव कुडापलीकडे गेला आणि म्हशीच्या पाठीवर थाप मारून आला. “कितवं वेत?” त्याने विचारले. विमलबाईचा चेहरा तिथेच निवळला. वळकटी आणि ट्रंक त्याच संध्याकाळी सायकलवरून हलली. अंबूबाई त्या रात्री कुसुमताईंच्या ओसरीवर निजली. मोशीच्या गाडीवाल्याबरोबर तिने घरी निरोप दिला की उद्या येते. खोलीत मात्र ती निजली नाही. ती जागा रंभाची होती.

सकाळी आबाजी शिपाई आला. खाकी डगला, हातात छत्री. त्याने रिकामी खोली पाहिली. चारी भिंती पाहिल्या. मग खिडकीखाली नजर गेली.

“ताई, मुलगी कुठाय?”

“तुम्ही शाळेत नाव घ्याल तेव्हा येईल. नाव घेतल्याशिवाय कशाला येईल?”

“तेबी खरं. पन सामानसुमान? सायबांनी सांगितलंय, पक्की सोय बघून या. हितं तर नुस्ता धोंडा हाय.”

अंबूबाईने तोंड उघडले. कुसुमताईंनी तिच्याकडे बघितले. ते मिटले.

“आबाजी,” कुसुमताई म्हणाल्या, “काल या खोलीत पगारदार माणूस राहत होता. तो दुसरीकडे गेला आणि हा दगड राहिला. आता याहून पक्कं काय असतं ते तुम्हीच सांगा. जागा धरलेली आहे. तुमच्या साहेबांना सांगा, मी सांगितलंय.”

आबाजीने डगल्याची बटणे चाचपली. कुसुमताईंनी एखादी गोष्ट सांगितली म्हणजे तिची पुन्हा चौकशी करायची नसते, हे बोळातल्या सगळ्यांप्रमाणे त्यालाही ठाऊक होते. “बरं बा,” म्हणून तो गेला. जाताना दगडाला पाय लागू नये म्हणून जरा वळसा घालून गेला.

दुपारी फळ्यावर दोन नावे आली. अंबूबाई फळ्यासमोर उभी राहिली आणि एका विद्यार्थ्याला म्हणाली, “बाबा, वाच.” त्याने पहिले नाव वाचले, ते दुसऱ्याच कोणाचे होते. दुसरे वाचले. “परत वाच,” ती म्हणाली. त्याने परत वाचले.

मारुतरावाने रंभाला बैलगाडीतून आणले. पाय अजून दुखत होता, तरी स्वतः आला. ज्वारीचे पोते, एक ट्रंक, एक तवा, दोन पातेली, गोधडी. खोली आतून बघून त्याने कोनाड्यात हात फिरवला आणि कुसुमताईंना नमस्कार केला. “आक्का म्हनली तवाच म्हनलं, दगड ठिवला म्हंजी झालं,” तो म्हणाला. अंबूबाई आणि कुसुमताईंनी एकमेकींकडे पाहिले. मध्ये खोली दुसऱ्याला गेली होती, हे दोघींनी त्याला पुढेही कधी सांगितले नाही.

रंभाने गोणपाट उलगडले, तेच, कोपऱ्यात शाईचा जुना डाग असलेले. खिडकीखाली अंथरून ती त्याच्या त्याच कोपऱ्यात बसली, मग हसून मध्यभागी सरकली.

उद्धवरावाला त्या आठवड्यापासून मोशीचा वानवळा जाऊ लागला. कधी वांगी, कधी गवार. विमलबाई म्हणे, “वांगी मानसाला आन देठं म्हशीला, दोघंबी खूश हायेत.”

रंभाला सोडून निघताना त्या दिवशी अंबूबाईने पाटी उचलली आणि देवाचे नाव घेतले. कुसुमताई दारापर्यंत आल्या.

“अंबू, दगड राहिला तुझा.”

“ऱ्हाऊ द्या. ती हाय तवर त्यो हितंच.”

“आणि चाकणला?”

“चाकणला बसंन की कुठंबी.”

पुढच्या बाजाराला चिंचेखालच्या तिच्या जागेवर खराबवाडीची एक तरणी बाई बसली होती, शेजारी तिचा स्वतःचा दगड ठेवून. अंबूबाईने तो पाहिला आणि काही न बोलता पुढे गेली. शालनबाईने हाक मारली, “आक्का, माझ्याकडं सरक की थोडी!” पण तिथे दोघींची जागा नव्हती. बैल बांधतात त्याच्या अलीकडे, उघड्यावर, अंबूबाईने नवे गोणपाट टाकले. ऊन चढल्यावर पदर डोक्यावरून पुढे ओढला, भेंडीवर पाणी शिंपडले आणि गिऱ्हाइकाला हाक दिली. रंभा मॅट्रिक होईपर्यंत ती तिथेच बसली.